दोन टक्क्यांचं तुळशीपत्र

'धर्मादाय म्हणजे फुकट नव्हे.' हे वाक्य अलीकडे मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद ठेवलेली नाही. विश्वस्तांकडून ऐकलं, डॉक्टर मित्रांकडून ऐकलं, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी पुढे सरकवता सरकवता ऐकलं. म्हणणाऱ्याचा सूर ठरलेला असतो. समोरचा भाबडा आहे, हॉस्पिटल कसं चालतं ते त्याला ठाऊक नाही, पाटीवर 'चॅरिटेबल' लिहिलंय म्हणजे आत अन्नछत्र असणार असं त्याला वाटतं. मग समजुतीच्या स्वरात यंत्रांच्या किमती, परिचारिकांचे पगार, विजेचं बिल.

वाक्य खरं आहे. पण फुकट मागितलं कोणी होतं? लोकांचा प्रश्न साधा होता: शेजारच्या कंपनीच्या हॉस्पिटलात जेवढे पैसे पडतात तेवढेच तुमच्याकडे का पडतात? आंबे एवढे महाग का, असं विचारल्यावर फळवाल्याने 'आम्ही इथे आंबे वाटायला बसलो नाही' म्हणावं, तसं हे उत्तर आहे. आंब्याचा भाव तसाच राहतो आणि विचारणारा मात्र भिकारी ठरतो.

मी डॉक्टर नाही, हिशेबाचा माणूस आहे. तीसेक वर्षं सार्वजनिक न्यासांच्या वह्या तपासल्या. त्यांत देवळं होती, शाळा होत्या, गोशाळा होत्या, थोडी रुग्णालयंही होती. शस्त्रक्रिया बरी झाली की वाईट, ते मला कळत नाही. तिची रक्कम कुठल्या खात्यात पडली ते कळतं. या लेखात मी तेवढ्याच अधिकाराने बोलणार आहे.

मागच्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं. न्हाणीघरात पाय घसरला, वय 74. भाच्याने दोन ठिकाणची एस्टिमेटं आणली, एक कंपनीच्या हॉस्पिटलचं, दुसरं सार्वजनिक न्यासाच्या हॉस्पिटलचं. मी दोन्ही कागदांवरची नावं तळहाताने झाकली आणि त्याला म्हटलं, यातलं धर्मादाय कुठलं ते ओळख. त्याने चुकीच्या कागदावर बोट ठेवलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. न्यासाचा आकडा अकरा हजारांनी जास्त होता. तरी आम्ही तिथेच गेलो, कारण ते घराजवळ होतं आणि ताईचा तिथल्या डॉक्टरवर विश्वास होता. उपचार उत्तम झाले, हेही लिहून ठेवतो. ताई आज काठी घेऊन चालते आणि तक्रार फक्त तिथल्या जेवणाची करते.

त्या एस्टिमेटच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. खोलीचा वर्ग बदलल्यास सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा आकार आणि तपासण्यांचे दर त्या वर्गाप्रमाणे बदलतील. म्हणजे ताई जनरल वॉर्डात झोपली तर सर्जनच्या हातांचा भाव एक, एसी खोलीत झोपली तर त्याच हातांचा भाव जवळजवळ दुप्पट. खुब्यात बसवायचा सांधा तोच, टेबल तेच, भूल तीच. मी काउंटरवर विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "काका, हे सगळीकडेच असतं." सगळीकडे असतं हे मला मान्यच आहे. तुमच्याकडेही का असतं, एवढंच विचारायचं होतं.

माझे एक स्नेही एका मोठ्या रुग्णालयाचे विश्वस्त आहेत. सरळ माणूस, बैठकभत्तासुद्धा घेत नाही. हा किस्सा सांगितल्यावर ते दुखावले आणि त्यांनी तासभर मला त्यांची बाजू ऐकवली. ती बाजू पोकळ नाही. एमआरआयचं यंत्र विकणारी कंपनी 'तुम्ही धर्मादाय आहात ना' म्हणून एक रुपया कमी करत नाही. बहुतेक रुग्णसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे यंत्रांवर आणि सामानावर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही, तो खर्चातच जातो. प्रशिक्षित परिचारिका परदेशी जातात, उरलेल्यांना टिकवायचं तर पगार वाढवावे लागतात. विमा कंपन्या बिलं कापतात आणि सरकारी योजनांचे पैसे रखडतात. सगळं मान्य.

पण मग वजाबाकीची दुसरी बाजूही मांडू. कंपनीच्या हॉस्पिटलला जमीन बाजारभावाने घ्यावी लागते. इकडे अनेक जुन्या न्यासांना जमीन सरकारकडून नाममात्र भाडेपट्ट्याने मिळाली, नाहीतर दानात मिळाली. कंपनीला भागधारकांना लाभांश द्यावा लागतो, इकडे भागधारकच नाहीत. कंपनी प्राप्तिकर भरते, न्यासाचं उत्पन्न अटी पाळल्या तर करमुक्त. न्यासाला देणगी देणाऱ्यालाही करात सूट, म्हणजे त्या देणगीतला एक वाटा सरकारी तिजोरीतून आला असंच धरायचं. यंत्रं महाग आहेत हे रडगाणं गाताना 1988 सालही आठवावं. त्या वर्षी केंद्र सरकारने परदेशी वैद्यकीय यंत्रांवरचं सीमाशुल्क रुग्णालयांना माफ केलं. अटी होत्या: बाह्यरुग्णांपैकी किमान 40 टक्क्यांवर मोफत उपचार, आणि महिना 500 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी 10 टक्के खाटा राखीव. यंत्रं बंदरात उतरली, अटी तिथेच राहिल्या. शेवटी मेडिवेल हॉस्पिटलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही अट यंत्र सोडवून घेण्यापुरती नव्हती, ती पुढेही पाळत राहायची आहे. दिल्लीत सवलतीच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या रुग्णालयांनी गरिबांसाठी आंतररुग्ण विभागात 10 टक्के आणि बाह्यरुग्ण विभागात 25 टक्के मोफत सेवा द्यावी की नाही, यावर भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2018 मध्ये निकाल गरिबांच्या बाजूने लागला. एवढी वर्षं कोर्टकचेरी कशासाठी? घेतलेल्या सवलतीची किंमत चुकवावी लागू नये यासाठी.

तर जमीन स्वस्त, कर नाही, लाभांश नाही, आणि दर मात्र शेजाऱ्याएवढा. मधला फरक जातो कुठे?

हिशेबाच्या माणसाला हे कोडं फार काळ सुटल्यावाचून राहत नाही. फरक इमारतीत जातो. प्राप्तिकर कायद्याने न्यासाला आपल्या उत्पन्नाचा 85 टक्के भाग आपल्या उद्दिष्टासाठी वापरावा लागतो, 15 टक्के मागे ठेवता येतो. 'वापर' या शब्दात भांडवली खर्चही बसतो. नवा मजला, नवी कॅथलॅब, नवं पार्किंग, संगमरवरी स्वागतकक्ष, सगळं उद्दिष्टासाठीच वापरलं. कायद्यात 'गरिबांना साहाय्य' हे धर्मादाय कार्य आहे आणि 'वैद्यकीय साहाय्य' हे वेगळं धर्मादाय कार्य आहे. दुसऱ्याला पहिल्याची गरज नाही. त्यामुळे करविभागाच्या नजरेत, पंचतारांकित खोलीत पूर्ण पैसे भरून घेतलेला उपचारसुद्धा धर्मादायच. रुग्णाकडून जास्त घ्या, शिल्लक वाढवा, शिल्लक काँक्रीटमध्ये घाला, ताळेबंदात सेवा वाढलेली दिसेल. यात बेकायदेशीर काहीही नाही. विश्वस्तांनी एक पैसा घरी नेलेला नसतो. माझे स्नेही छातीवर हात ठेवून तसं सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण पैसा घरी न नेणं हा प्रामाणिकपणा झाला. दर कमी ठेवणं ही निराळी गोष्ट आहे, आणि ती त्यांच्या विषयपत्रिकेवर मी कधी पाहिलेली नाही.

आता आयपीएफ. रुग्णालयांच्या बचावाचा हा हुकमी पत्ता.

त्याचं मूळ महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 मध्ये आहे. त्यात कलम 41कक नंतर घातलं गेलं, आणि त्याची अंमलबजावणी कशी व्हावी याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2006 च्या आदेशाने ठरली. राज्यातल्या चारशेहून अधिक धर्मादाय रुग्णालयांचा कारभार याच चौकटीत चालतो. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. शिवाय एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. तोच आयपीएफ. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये 'आयपीएफमधून करून द्या हो' ही विनवणी ज्याने ऐकली नाही त्याने महाराष्ट्रातलं मोठं हॉस्पिटल पाहिलेलं नाही.

ही 2 टक्के रक्कम कोणाची? निर्धन आणि दुर्बल घटक सोडून बाकी सगळ्या रुग्णांच्या बिलांवर ती मोजली जाते. म्हणजे पलीकडच्या खाटेवरचा शिक्षक, त्याच्या पलीकडचा दुकानदार, मेडिक्लेमवर आलेला आयटीवाला आणि माझी ताई. रुग्णालय दर ठरवताना हे 2 टक्के विसरून ठरवतं असं ज्याला वाटतं त्याने कधी दरपत्रक बनवलेलं नाही. थोडक्यात, एका रुग्णाने दुसऱ्या रुग्णाला मदत केली, न्यासाने फक्त रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकली आणि वार्षिक अहवालात 'आम्ही समाजासाठी इतके कोटी खर्च केले' असं छापलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून दान केल्याचं पुण्य पदरात पडतं ते असं.

आकडे घालून पाहू, सोयीसाठी कल्पित. समजा, एका रुग्णालयाचं वर्षाचं बिलिंग 200 कोटी आहे. आयपीएफ झाला 4 कोटी. समजा, सगळा खर्च जाऊन, हे 4 कोटीही जाऊन, शिल्लक 24 कोटी. हीच कंपनी असती तर या शिलकीतला साधारण पाव हिस्सा, म्हणजे 6 कोटी, करात गेला असता. इथे गेला नाही. समाजाने न्यासाला 6 कोटी सोडले, आणि न्यासाने समाजाला 4 कोटी दिले, तेही दुसऱ्या रुग्णांच्या खिशातून. जमीन मी यात धरलेलीच नाही. ती धरली तर हा लेख हास्यचित्रांच्या पानावर टाकावा लागेल.

'पण आमचं आयपीएफ खातं उणे आहे,' असं स्नेही म्हणतात. काही रुग्णालयांचं खरोखर असतं आणि त्यांना माझा नमस्कार. काहींच्या खात्यात मात्र पैसे पडून असतात आणि दारात माणसं असतात. उणे म्हणणाऱ्यांनाही एक विचारायचं आहे: कुठल्या दराने मोजून उणे? योजनेत स्पष्ट आहे की निर्धन रुग्णाची खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची सेवा यांचं बिलच लावायचं नाही, आणि औषधं, सामान, इम्प्लांट यांची किंमत रुग्णालयाच्या खरेदीदराने धरायची. छापील किमतीने नाही. 90 रुपयांना घेतलेली वस्तू 400 रुपयांना खाती टाकली तर खातं उणे व्हायला वेळ लागत नाही. सगळे असं करतात असा आरोप मी करत नाही. पण खरेदीचं चलन आणि आयपीएफची नोंद शेजारी शेजारी ठेवून दाखवा, एवढं म्हटलं की संभाषण हवामानाकडे का वळतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

खरेदीदर आणि छापील किंमत यांतलं अंतर किती असू शकतं, हे 2018 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दाखवलं होतं. दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत निघाला. ती रुग्णालयं धर्मादाय होती असं माझं म्हणणं नाही. पण आतल्या मेडिकलमधूनच औषधं घ्या, हा रेटा तुमच्याकडेही आहे आणि छापील किंमत तुम्हीही लावता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये खासगी रुग्णालयांतल्या औषधदुकानांचा प्रश्न राज्यांच्या धोरणावर सोपवला. धर्मादाय रुग्णालयाला त्यासाठी सरकारच्या धोरणाची वाट पाहायची काय गरज? उद्या सकाळपासून खरेदीदर अधिक ठरावीक हाताळणी खर्च, असं करता येईल. विश्वस्तांचा एक ठराव पुरे.

मोफत खाटेवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण माझ्या मते ती या वादातली फसवी वाट आहे. सगळी चर्चा त्या 10 आणि 10 टक्क्यांभोवती फिरते आणि उरलेल्या 80 टक्क्यांच्या दराबद्दल कोणी विचारत नाही. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत, दुर्बल म्हणजे 3,60,000 पर्यंत. दुसरी मर्यादा महिन्याला 30,000 पडते. आमच्या सोसायटीचा रखवालदार 16,000 मिळवतो, त्याची बायको चार घरी पोळ्या करून 15,000. दोघांचे मिळून एकतीस हजार. झाले बाहेर. अपेंडिक्स फुटलं तर त्यांना उद्योगपतीच्या रांगेत उभं राहायचं आहे. फार तर जनरल वॉर्डात. अशा माणसांची संख्या शहरात निर्धनांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि धर्मादाय या शब्दाचा त्यांना काडीचा उपयोग नाही. त्यांना मोफत खाट नको असते. दर परवडणारा हवा असतो, आणि आधी सांगितलेला हवा असतो.

जे मर्यादेत बसतात त्यांचं काय होतं ते मी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर पाहिलेलं आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, प्रत्येकाच्या चार चार झेरॉक्स. समाजसेवा विभागातली मॅडम जेवायला गेलेली. मग नगरसेवकाचं पत्र, आमदाराच्या पीएचा फोन. तेवढ्याने भागलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायकाचा न्यास, आणखी दोन-तीन न्यासांचे अर्ज. रुग्णाचा मुलगा एसटीने मुंबईला जाऊन एकेक चेक गोळा करतो. हे चेक शेवटी कुणाच्या नावाने निघतात? त्याच धर्मादाय रुग्णालयाच्या नावाने. एका धर्मादाय संस्थेचं बिल भरायला चार धर्मादाय संस्थांच्या दारात पदर पसरायचा! देवळाच्या पेटीत कोणी म्हातारीने टाकलेले दहा रुपये फिरून फिरून हॉस्पिटलच्या नव्या लॉबीत पोचतात. वहीत हे सगळं निर्दोष दिसतं. प्रत्येक न्यासाने आपापलं उद्दिष्ट पार पाडलेलं असतं.

'हे सरकारचं काम आहे, आमच्या डोक्यावर का?' हा स्नेह्यांचा पुढचा मुद्दा. सरकारी रुग्णालयांची अवस्था सरकारने केली, जन आरोग्य योजनेचे दर परवडत नाहीत, मग शिव्या आम्हालाच. यातली पहिली दोन वाक्यं मी कुठल्याही सभेत त्यांच्याबरोबर म्हणायला तयार आहे. महात्मा जोतिराव फुले योजनेच्या पॅकेजांत काही शस्त्रक्रियांचा खर्च निघत नाही, हे सांगणारे डॉक्टर खोटं बोलत नाहीत. तिसऱ्या वाक्याला मात्र माझी हरकत आहे. सरकारचं काम तुमच्या डोक्यावर कोणी टाकलेलं नाही. तुम्ही स्वतःच सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी केलीत, कंपनी म्हणून करता आली असती. त्या नोंदणीबरोबर येणारे फायदे सार्वजनिक आणि जबाबदारी आली की 'आम्ही खासगी', असं वटवाघळासारखं वागता येत नाही.

दर बांधले की हॉस्पिटलं बंद पडतील, हाही एक धाक. 2017 मध्ये औषधी लेपाच्या स्टेंटची किंमत सरासरी 1 लाख 21 हजारांवरून 29,600 वर आणली तेव्हाही हेच ऐकलं होतं. अँजिओप्लास्ट्या थांबल्या नाहीत. (पॅकेजचा एकूण आकडा त्या मानाने उतरला नाही, ही लोकांची तक्रार तेव्हापासूनची, पण ते एक स्वतंत्र प्रकरण.) मे 2020 मध्ये कोविडसाठी राज्याने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर ठरवले: वॉर्ड दिवसाला 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. बिलं फुगली ती यातून वगळलेल्या गोष्टींवर, पीपीई किट आणि महागड्या औषधांवर. पुढे ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवायचा अधिकार सरकारला नाही, असा निकाल दिला. कायद्याचं तसं असेल. पण त्या चार-सहा महिन्यांत एक गोष्ट सिद्ध झाली की दर लिहून लावता येतो. 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि दरफलक दर्शनी जागी लावणं बंधनकारक झालं. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात जाऊन तो फलक शोधा. मी एके ठिकाणी शोधला. तो पाण्याच्या फिल्टरमागे होता.

अनामत रकमेबद्दल थोडक्यात, कारण तिथे वाद घालायला जागाच नाही. 2025 च्या मार्चअखेरीस पुण्यात एका गर्भवतीला मोठ्या धर्मादाय रुग्णालयात दाखल करून घेण्याआधी 10 लाखांची अनामत मागितली गेली, असा आरोप तिच्या कुटुंबाने केला. तिला दुसरीकडे न्यावं लागलं. जुळ्या मुलींना जन्म देऊन ती गेली. रुग्णालयाने आरोप नाकारले, समित्या बसल्या. कोण किती चुकलं हे मी इथे बसून ठरवणार नाही. मला खटकलं ते पुढचं. गदारोळानंतर रुग्णालयाने जाहीर केलं की यापुढे तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही, आणि वर्तमानपत्रांनी तो निर्णय म्हणून छापला. अहो, 2006 च्या योजनेतच हे वाक्य आहे! तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यायचं, जीव वाचवणारे उपचार द्यायचे, अनामत मागायची नाही. एकोणीस वर्षं जो नियम होता, तो पाळण्याचा निर्णय होतो आणि त्याची बातमी होते.

आता शेवटचा आक्षेप, 'तुम्ही म्हणता तसं हॉस्पिटल चालवून दाखवा'. मी दाखवू शकत नाही, पण चालवलेल्यांची नावं सांगू शकतो. डॉ. जी. व्यंकटस्वामींनी 1976 मध्ये मदुराईला 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. परदेशी लेन्स परवडेनात तेव्हा 1992 मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि लेन्सची किंमत पार खाली आणली. यंत्र विकणारी कंपनी सूट देत नाही, या तक्रारीवरचा तो एक उपाय होता. तिथे मोफत आणि सशुल्क असे दोन विभाग आहेत आणि कुठे जायचं ते रुग्ण ठरवतो. तहसीलदाराला मदुराईत कोणी शोधत नाही. डल्ली राजहऱ्याच्या खाणकामगारांनी 1983 मध्ये आपल्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभं केलं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालवला. 'मोतीबिंदूची गोष्ट वेगळी, आमच्याकडे आयसीयू आहे,' असं स्नेही म्हणाले. बरोबर आहे. यकृत बदलायचा खर्च मोतीबिंदूएवढा होणार नाही. माझा रोख त्यांच्या दरांकडे नव्हता, क्रमाकडे होता. या लोकांनी आधी रुग्ण किती देऊ शकतो ते पाहिलं आणि मग खर्च त्याला बसवायच्या मागे लागले. आपल्याकडे आधी इमारत ठरते, मग तिचे हप्ते, मग दर, आणि दर भरू शकेल असा रुग्ण सगळ्यात शेवटी.

स्नेह्यांना मी निघताना दोनच गोष्टी मागितल्या. बिलात प्रत्येक वस्तूच्या छापील किमतीशेजारी खरेदीची किंमत छापा. आणि वर्षातून एकदा लॉबीत, देणगीदारांच्या संगमरवरी पाटीखाली, एक साधा कागद लावा: या वर्षी करात किती वाचले, जमिनीचं भाडं किती भरलं, आयपीएफमध्ये किती आले, कुणाच्या बिलांतून आले, शिल्लक किती राहिली आणि ती कुठे गेली. बाकी लोक स्वतः समजून घेतील. दरांवरचा राग त्याने कमीसुद्धा होईल, कारण काही रुग्णालयांचे हिशेब खरोखरच स्वच्छ आहेत आणि बदनामी मात्र सगळ्यांची होते. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बैठकीत ठेवतो."

ही आषाढातली गोष्ट. त्यानंतर त्यांच्या दोन बैठका झाल्या. तिसरीची विषयपत्रिका परवा त्यांनी मला उत्साहाने दाखवली. पहिला विषय, मागील कार्यवृत्त कायम करणे. दुसरा, नव्या सात मजली विस्तार-इमारतीचं भूमिपूजन.